आमेनच्या आधीचा घास

ड्रायव्हर म्हणजे मावशीचा नवरा. बस चालवून निवृत्त झाल्याला दहा वर्षं लोटली, तरी चर्चमध्ये आणि गल्लीत तो ड्रायव्हरच राहिला. आणि लोकांचे कपडे शिवून देणारी त्याची बायको सगळ्यांची मावशी. नोकरीत असताना बस सुरू करण्याआधी तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून डोळे मिटायचा. मागून प्रवासी ओरडायचे, कंडक्टर घंटी बडवायचा, पण हा पठ्ठ्या आमेन म्हटल्याशिवाय किल्ली फिरवायचा नाही. "आधी देव, मग गिअर," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

घरातही तोच कायदा. आधी देव, मग चहा. आधी देव, मग घास. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मावशीने भुकेपोटी पावाचा एक तुकडा प्रार्थनेआधी तोंडात टाकला होता. त्याने आवाज चढवला नाही, फक्त म्हणाला, "देवाच्या आधी हात घातलास?" त्यानंतर चव्वेचाळीस वर्षं तिच्याकडून ती चूक झाली नाही, आणि तो तुकडा काही ती विसरली नाही.

विसरायचं खातं पुढे ड्रायव्हरने आपल्याकडे घेतलं. आधी रस्ते गेले. ज्या माणसाला शहरातला खड्डा न् खड्डा पाठ होता, त्याला न्हाणीघर सापडेना. मग लेकीचं नाव गेलं, मग शर्टाची बटणं. सगळं गेलं, कायदा तेवढा शाबूत राहिला. जेवायला बसवलं की तो बोटं गुंफून डोळे मिटायचा. मावशी प्रार्थना करायची. आमेन म्हणून ती चमचा उचलायची, तोवर हा डोळे उघडून म्हणायचा, "अगं, आधी प्रार्थना."

"आत्ताच झाली की!"

"कधी? देवाच्या बाबतीत तरी मला फसवू नकोस."

पुन्हा प्रार्थना. पुन्हा आमेन. पुन्हा, "अगं, आधी प्रार्थना." तिसऱ्या खेपेला सुपावर साय धरलेली असायची. कधीकधी पाच प्रार्थनांमागे चार चमचे पोटात जायचे, आणि तेही तिने घाई करून कोंबले म्हणून.

मावशीने उपाय करायचं काही बाकी ठेवलं नाही. भिंतीवर मोठ्या अक्षरांत कागद लावला, 'प्रार्थना झाली आहे.' त्याने तो मोठ्याने वाचला, मान डोलावली आणि म्हणाला, "छान. चल, आता करूया." लेकीने फोनवरून सुचवलं, "आई, जबरदस्तीने भरव ना." तिने तेही करून पाहिलं. त्याने घास थुंकला आणि लहान मुलासारखा रडला, "देवाच्या आधी मी कसा खाऊ?" शेवटी चर्चचे पाळकसाहेब घरी आले. त्यांनी चांगली दहा मिनिटं प्रार्थना केली. ती संपल्यावर ड्रायव्हर अदबीने म्हणाला, "साहेब, आता तुम्हीच प्रार्थनेने सुरुवात करा."

जाताना दारात पाळकसाहेब हळूच म्हणाले, "मावशी, प्रार्थना न करता जेवले तरी देवाला चालतं हो."

"देवाला चालतं," मावशी म्हणाली, "यांना चालत नाही ना!"

तिकडे वजनाचा काटा खाली खाली चालला होता. बेल्टला तिने स्वतःच्या हाताने तीन नवी भोकं पाडली. डॉक्टर माणूस वाईट नव्हता, पण आडपडदा ठेवून बोलायची त्याला सवय नव्हती. गुरुवारी वजन आणखी उतरलेलं दिसलं तर नाकातून नळी घालू, असं त्याने सांगितलं. असे पेशंट नळी उपसून काढतात, म्हणून हात पलंगाला बांधावे लागतील. मावशी त्या हातांकडे बघत राहिली. बांधलेल्या हातांनी हा प्रार्थनेला बोटं कशी गुंफणार, एवढंच तिच्या मनात आलं.

बुधवारी दुपारी तिने सूप वाढलं. आमेन आणि त्याचं विसरणं यांच्यात निदान एक चमचा तरी घुसवावा, म्हणून तिने तो आधीच भरून हातात धरला. डोळे उघडे ठेवून ती प्रार्थना करू लागली. ड्रायव्हरची चर्चमधली जुनी खोड होती, प्रत्येक मागणीला तो मोठ्याने "होय, प्रभू" म्हणायचा.

"प्रभू, या अन्नाबद्दल तुझे आभार."

"होय, प्रभू," ड्रायव्हर म्हणाला, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. हल्ली त्याला तोंड मिटायचंही आठवत नसे. मावशीचा हात पुढे गेला. त्याने डोळे न उघडता सूप गिळलं.

मावशी सटपटली. प्रार्थना चालू असताना घास! पण त्याने हरकत घेतली नाही. प्रार्थना संपलीच नव्हती, तर तो विसरणार काय? तिने पुढची मागणी केली.

"आमच्या लेकीला सांभाळ."

"होय, प्रभू." चमचा.

मग मावशीने कुणाला म्हणून सोडलं नाही. पाळकसाहेब झाले, त्यांचा दुखरा गुडघा झाला, दूधवाला झाला, कोट शिवून नेऊन पैसे न देता वर्षभर तोंड न दाखवणारी बाई झाली. खालच्या मजल्यावरचं भुंकणारं कुत्रंही तिने देवाच्या हवाली केलं. चौदा चमचे गेले. एका बैठकीत इतकं त्याने महिन्याभरात खाल्लं नव्हतं. तिला आनंदही होत होता आणि लाजही वाटत होती. ज्या देवाला आयुष्यभर पहिला मान दिला, त्यालाच तिने भरवायच्या कामाला जुंपलं होतं.

वाटीत अजून चार चमचे उरले होते आणि तिच्याजवळची माणसं संपली. ती गप्प राहिली असती तर त्यानेच आमेन म्हटलं असतं. तो चेहरा वर करून वाट पाहत होता. मावशीला काहीतरी मागायलाच हवं होतं, आणि जे मनात होतं तेच बाहेर पडलं.

"प्रभू, मी थकले रे."

"होय, प्रभू."

"मला यांचा राग येतो. तुझाही येतो."

"होय, प्रभू."

"रात्री हे झोपले की मी बरं झालं म्हणते."

"होय, प्रभू."

एकच चमचा उरला. तिने तो भरला. तिचा आवाज इतका खाली गेला की तिचा तिलाच ऐकू येईना.

"प्रभू, यांना आता घेऊन जा."

"होय, प्रभू," ड्रायव्हर म्हणाला. खणखणीत, चर्चमध्ये म्हणायचा तसं.

मावशीचा हात अधांतरी राहिला. त्याला कळलं होतं का? कुत्र्यालाही त्याने असंच होय म्हटलं होतं. चमच्यातून सूप टेबलावर टपकलं. त्याचं तोंड उघडंच होतं, म्हणून तिने तोही चमचा भरवला. दुसरं करण्यासारखं तिच्या हातात काय होतं?

वाटी रिकामी झाली. ड्रायव्हरने एक डोळा किलकिला केला.

"अगं, आमेन म्हण ना," तो मायेने म्हणाला. "किती वेळ चाललीय तुझी प्रार्थना! भूक लागली असेल तुला. आमेन म्हण, म्हणजे तुला खाता येईल."

आणि त्याने पुन्हा डोळे मिटले. मावशीने तोंड उघडलं. तो शब्द ती जन्मभर दिवसातून दहादा म्हणत आली होती. आज तो म्हटला, तर शेवटची मागणीही त्याच्याबरोबर वर जाणार होती. समोर तो बोटं गुंफून तिच्यासाठी थांबला होता, आणि तिला आमेन म्हणता येईना.