झुंबरबाईनं तासलेली मान

भिमाजी सुतार वारला त्याला वर्ष झालं, तरी धाकटा भाऊ बन्सी दर बाजाराला घोडेगावात वहिनीच्या, झुंबरबाईच्या, दारात हजर. कशाला, तर भावाची हत्यारं न्यायला. बाईमाणसानं लाकूड तासायचा वाकस धरला तर सुताराच्या घराला अवदसा लागते म्हणे. आता भिमाजीचे हात थरथरायला लागल्यापासून गावातल्या गाड्यांची निम्मी चाकं झुंबरबाईनंच केली होती, हे बन्सीला पक्कं ठाऊक. पण झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं कोण करणार!

अशात नगरहून ऑर्केस्ट्रातला राधाकृष्ण मास्तर भिमाजीला शोधत आला. त्याच्याकडं बेस गिटार होती, चार जाड तारांची, खालच्या सुरात घुमणारी. तारांच्या ओढीनं तिची मान वाकली होती आणि मानेला ताठ ठेवणारी आतली लोखंडी सळई गंजून बसली होती. झुंबरबाईनं एक डोळा मिटून ती न्याहाळली आणि सांगितलं, तारा, खुंट्या, वायरीबियरी ठेवून जा, बाकी सगळी नवी करून देते. बन्सी तिथंच होता. तो म्हणाला, मान वाकली तर हत्यारं माझी. बाई म्हणाली, बरं.

मास्तरनं नव्या मानेतही सळई घालायचा लई आग्रह धरला. तिनं ऐकलं नाही. लाकडाची खोड लाकडानंच मोडायची, हा तिचा हेका. मोडक्या गाडीच्या दांड्याचं मुरलेलं सागवान चिरून तिनं तीन पट्ट्या काढल्या, मधली उलटी फिरवली आणि सरस लावून तिन्ही एकत्र आवळल्या. एकीला वाकावंसं वाटलं तरी दुसरी तिला वाकू देणार नाही.

गिटार जोडून झाली. मास्तरनं पट्टा खांद्यावर घेऊन हात सोडले, तर मान धाडकन खाली! बन्सी पोट धरून हसला. झुंबरबाईला स्वतःचाच संताप आला. गाडी पुढं जड झाली, तिचा भार बैलांच्या मानेवर आला, की तिला धुरजड म्हणतात, आणि त्यावर इलाज एकच, चाकांचा आस पुढं सरकवायचा. चाकं करणाऱ्या बाईला एवढं सुचू नये? इथं आस म्हणजे पट्टा अडकवायची खुंटी. तिनं केलेलं धड चुलीत घातलं आणि दुसरं कापलं, मानेच्या बाजूला निघालेलं त्याचं वरचं शिंग चांगलं वीतभर लांब काढून खुंटी त्याच्या टोकाला ठोकली. आता मास्तरनं हात सोडले तरी गिटार जागची हलेना.

मग तारा ताणून पंधरा दिवस ती दिवसा उन्हात, रात्री दवात टांगली. सोळाव्या दिवशी बन्सीनं स्वतः मानेवर सूत धरलं. एकदा धरलं, दोनदा धरलं, तिसऱ्यांदा धरलं. मान सरळ.

आता बन्सीनं सूर बदलला. गिटार शहरात जाणार, बाईचं नाव ऐकून लोक हसतील, त्यापेक्षा भिमाजीनं केली म्हणून सांगू. एवढं कबूल कर, मी पुन्हा हत्यारांचं नाव काढणार नाही. गिटार न्यायला आलेल्या मास्तरलाही ते पटलं. नवऱ्यावर झुंबरबाईचा जीव होता, आणि रोजची कटकट एका शब्दात मिटत होती. डोळे भरून आले, ते तिनं पदरानं पुसले.

"मेलेला मानूस मान ताशीत न्हाई, भावजी," ती म्हणाली. "जिनं तासली तिचं नाव. पटत नसंल तर ऱ्हाऊ द्या गिटार हितंच."

तिनं सळई तापवली आणि गिटारीच्या डोक्यामागं डाग देऊन स्वतःचं नाव काढलं. मास्तरचा दुसऱ्या दिवशी कार्यक्रम होता, तो मुकाट्यानं गिटार घेऊन गेला. बन्सी मात्र गावभर सांगत सुटला, त्या घराची पायरी चढू नका.

खंडेनवमीला सुताराच्या घरी हत्यारांची पूजा गड्यानं करायची असते. झुंबरबाईनं वाकस, करवत, भोकं पाडायचं किकरं मांडून हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. प्रसादाला शेजारचं काळं कुत्रंही आलं नाही. तेव्हा ती उंबऱ्यावर बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या देखत अख्खा नारळ एकटीनं खाल्ला.