आबांचा गुडघा आणि मी

मी खुळखुळा बोलतोय. माझ्या नावातच खूळ आहे म्हणून लोक हसतात, हसू देत. खरोखर खुळा असतो तर बरं झालं असतं. मला सगळं कळलं होतं आणि तरी मी ब्र काढला नाही, याची लाज आहे.

एका कारागिराने लाकूड कातून मला घडवलं. पोटात थोड्या बारीक बिया भरल्या, दांडा बसवला आणि कानाशी धरून हलवलं. शेजारच्याला म्हणाला, "ऐक, किती नाजूक बोलतो." झालं. त्या दिवशी मी जो हरभऱ्याच्या झाडावर चढलो, तो बरीच वर्षं उतरलोच नाही.

मला वाटलं होतं, कुणाच्या तरी पाळण्यावर टांगतील. पण मी गेलो दवाखान्यात. तिथे एका कापडी पिशवीत लोकरीचा लाल गोंडा, आठ लाकडी ठोकळे, एक पितळी घंटी आणि मी, असे आम्ही राहायचो. लस टोचायला आलेल्या बाळांची वाढ नीट होतेय का, हे आमच्याकडून बघायचं. गोंडा डोळ्यांपुढून फिरवायचा, ठोकळा हातात द्यायचा, आणि मला पाठीमागून, कानापासून हातभर लांब धरून हळूच वाजवायचं. बाळाने मान वळवली की सिस्टर कार्डावर लिहायच्या, 'वळला' किंवा 'वळली'.

तो शब्द लिहिला गेला की मला मूठभर मांस चढायचं. बाळ ऐकतंय म्हणून नव्हे हं. मला ऐकतंय म्हणून.

सिस्टर बाई फटकळ, पण हाताने हलक्या. खोली एकच आणि रांग बाहेर रस्त्यापर्यंत. अशाच एका गर्दीच्या सकाळी गुंडी आली. वय नऊ महिने. तिचे आजोबा शिंपी, म्हणून नातीचं लाडाचं नाव गुंडी. तिची आई छापखान्यात पुस्तकं बांधायचं काम करायची आणि अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आली होती. गुंडी बसली होती आजोबांच्या, म्हणजे आबांच्या मांडीवर.

सिस्टरांनी मला तिच्या उजव्या कानामागे वाजवलं. गुंडी समोरच्या ठोकळ्याकडे बघत राहिली.

"पुन्हा बघू," सिस्टर म्हणाल्या. पुन्हा वाजलो. तिने पापणीसुद्धा हलवली नाही.

मला न ऐकणारं बाळ मी तोवर पाहिलं नव्हतं. माझं काही बिघडलंय की काय, असं वाटून मी आतल्या आत चरकलो. आबांचा चेहराही उतरला होता.

तिसऱ्यांदा मी वाजलो आणि आबांचा उजवा गुडघा वर आला. अगदी बोटभर. चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवलेला पाय तो, त्याला किती उचलायचं ते बरोबर ठाऊक. गुंडी कलली आणि तिने त्या बाजूला बघितलं. डाव्या बाजूला मी वाजलो, तेव्हा डावा गुडघा.

सिस्टर पाठीमागे होत्या, त्यांना मान तेवढी दिसली. आई पिशवीत कार्ड शोधत होती. गुडघा दिसला फक्त मला. सिस्टरांनी लिहिलं, 'वळली'. आबांचा जीव भांड्यात पडला.

आणि माझाही. हे सांगताना मान वर होत नाही. तिने मला ऐकलेलं नाही, हे मला ठाऊक होतं. पण 'वळली' हे मला इतकं गोड वाटलं की मी त्या गुडघ्याकडे कानाडोळा केला.

पुढे गुंडी दीड वर्षाची झाल्यावर ते तिघं परत आले. आई म्हणाली, "सिस्टर, हाक मारली तर ही बघत नाही. एक शब्द नाही अजून."

सिस्टरांनी कार्ड उलटलं. "इथे लिहिलंय की, वळली म्हणून. ऐकू येतंय तिला. काही मुलं उशिरा बोलतात."

"आणि तू काय लगेच बोललीस होय?" आबा लेकीला म्हणाले. "तीन वर्षांची होईपर्यंत तोंड उघडलं नव्हतंस. त्यानंतर आजतागायत मिटलेलं नाहीस." सगळे हसले. आबा मात्र हे सगळं जमिनीकडे बघत बोलले. पिशवीच्या तोंडातून मी त्यांना बघत होतो आणि मला आम्हा दोघांची किळस आली.

तोपर्यंत दवाखान्याच्या मागच्या खोलीत आठवड्यातून दोनदा एक ताई येऊ लागली होती. ऐकायला, बोलायला, चालायला मागे पडणाऱ्या लहान मुलांना ती शिकवायची, आणि त्यांच्या आईबापांनाही. आमची पिशवी तिच्याकडे गेली. सव्वादोन वर्षांच्या गुंडीला घेऊन तिची आई एक दिवस तिथेच येऊन धडकली. मागोमाग आबा.

"काल हिच्या पाठीमागे स्टीलचा मोठा डबा पडला," आई म्हणाली. "मी दचकले. शेजारीण धावत आली. आणि ही आपली चमचे मांडत बसली होती."

ताईने सिस्टरांना बोलावून घेतलं. कार्ड वाचलं. रागावली नाही. एवढंच विचारलं, "हे तपासलं तेव्हा गुंडी कुणाच्या मांडीवर होती?"

मग आबा म्हणाले, "माझ्या." आणि पुढे सांगून टाकलं, "मी गुडघा हलवला होता. दोन्ही बाजूंना. नाही वळली तर तुम्ही तिला काहीतरी नाव चिकटवाल, असं वाटलं मला."

आई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "आबा, मी हिला हट्टी म्हणत आलेय. ऐकत नाही म्हणून एकदा मारलंय मी हिला."

आबांनी चष्मा काढून धोतराला पुसला आणि परत लावलाच नाही. सिस्टर म्हणाल्या, "चूक माझीही आहे. दोनदा वळली नाही, तेव्हाच पुढे पाठवायला हवं होतं." त्यांनी पेनाने तो शब्द खोडला. माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

मोठ्या दवाखान्यात यंत्रावर तपासणी झाली. गुंडीला दोन्ही कानांनी फार थोडं ऐकू येत होतं. श्रवणयंत्रं बसली. ताईने समजावलं, "आवाज ओळखायला मेंदू याच वयात शिकतो. गेलेलं दीड वर्ष परत येणार नाही. पण आजचा दिवस घालवायचा नाही."

मग धडे सुरू झाले. आवाज ऐकू आला की वाटीत शर्टाची एक गुंडी टाकायची, हा पहिला खेळ. आबांनी आपला गुंड्यांचा डबाच आणून दिला आणि खुर्ची ओढत दारापाशी नेली. "मला लांब बसवा, ताई. माझ्या गुडघ्याचा भरवसा नाही." धडा संपेपर्यंत ते दोन्ही हातांनी गुडघे दाबून बसायचे. अजूनही तसेच बसतात.

ताईची ढोलकी तिला पहिल्याच आठवड्यात ऐकू आली, घंटी त्यानंतर. माझ्यासाठी पाच महिने वाटीत गुंडी पडली नाही. ताई दर वेळी माझ्या नावापुढे 'नाही' लिहायची. खरं तेच लिहायची. पडली त्या दिवशी मला आनंद झाला, पण मूठभर मांस काही चढलं नाही.

आता गुंडी साडेचार वर्षांची आहे. इतर मुलं तिसऱ्या वर्षी बोलतात तेवढं बोलते. तिला हाक मारायला शिकवताना तिची आई घसा बसेपर्यंत बोलते, तेव्हा ते दीड वर्ष माझ्या पोटातल्या बियांहून जड होतं. आईबापांनो, एक विनवणी आहे. बाळ वळलं नाही तर त्याला वळवू नका. आणि शंका असेल तर माझ्यासारख्या लाकडाच्या शब्दावर विसंबू नका, यंत्रावर तपासून घ्या.

काल धडा संपल्यावर गुंडीच ताई झाली. आबांना खुर्चीत बसवलं, समोर वाटी ठेवली, हातात एक गुंडी दिली. त्यांच्या पाठीमागे गेली आणि मला हळूच वाजवलं.

आबा आता थकलेत. कानही थकलेत. वाटी रिकामीच राहिली.

"आबा, आलं?" तिने पुढे येऊन विचारलं.

आबांची बोटं हातातल्या गुंडीवर घट्ट झाली. नातीला खूश करायला ती नुसती सोडली असती तरी पुरलं असतं. मला त्यांचा गुडघाही दिसत होता.

"नाही, बाळा," आबा म्हणाले. "नाही आलं."

तिने खडूने पाटीवर फुली मारली. चेहरा जराही पडला नाही तिचा. परत मागे गेली, एक पाऊल जवळ आली आणि मला जोरात वाजवलं. वाटीत टण्‌कन गुंडी पडली.

"आलं," ती म्हणाली.

नऊ महिन्यांची होती तेव्हा आम्ही तिच्यासाठी एवढंच करायला हवं होतं.