पडद्यावरची दोन अक्षरं

मासिकासोबत आलेल्या सीडीवरून गौरीने घरच्या संगणकावर विंडोजच्या जोडीला लिनक्स ही दुसरी प्रणाली टाकली. संगणक पुन्हा सुरू केला, तर काळ्या पडद्यावर एल आणि आय एवढी दोनच अक्षरं उमटली. पुढे काही हलेना.

"माझा लेख?" चारुवहिनीने विचारलं. सुरतेतल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी तिने तो आठवडाभर खपून टाइप केला होता. उद्या तो छापखान्यात द्यायचा होता.

"आत असेल, वहिनी. पण आत जाताच येत नाहीये."

"या अक्षरांचा अर्थ काय?"

"संगणक सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या नावाची आहेत. पुढे अजून दोन यायला हवी होती. ती का येत नाहीत, ते सीडीवर लिहिलंय म्हणे."

पण सीडी वाचायला घरात हाच एक संगणक होता. गौरीने पुण्याच्या मैत्रिणीला फोन लावला, तर ती गावाला गेलेली. सुरतेच्याच पर्वत पाटिया भागातला संगणकांचा दुकानदार फोनवरच म्हणाला, "फॉरमॅट मारवुं पडशे, बेन. बधुं जशे."

म्हणजे डिस्क कोरी करायची आणि सगळंच जाणार. वहिनी वही घेऊन आठवेल तसं लिहू लागली आणि दुसऱ्या परिच्छेदाशी अडली.

"इथे मी काय म्हटलं होतं गं? तू वाचलास ना?"

गौरीने तो लेख वाचलाच नव्हता.