घाटीवरची राखण

आमच्या घरातले पुरुष घाटीवर मरतात. लग्नाआधी हे कुणी सांगितलं नाही, नंतर आपोआप कळलं. हातखंब्याच्या अलीकडे आमचं घर, मागे उभी घाटी, वर कातळाचा सपाट सडा आणि तिथे जागेवाल्याचं, गावची जागा राखणाऱ्या देवाचं, ठाणं. वर्षातून एकदा घरच्या कर्त्याने उपाशीपोटी, नारळ-तांदळाची टोपली डोक्यावर घेऊन, न थांबता चढायचं आणि त्याला राखण, म्हणजे त्याच्या मानाचा नैवेद्य, द्यायची. सासरे त्याच चढावर कोसळले, त्यांच्या आधी त्यांचे वडीलही. दोघेही चाळिशीतले. माझा नवरा सुहास यंदा चाळीस पूर्ण करतोय. मी बीएस्सी झालेय, तरी तिन्हीसांजेला परसदारी गेले की घाटीकडे बघत नाही. भीती वाटते, खोटं कशाला बोलू?

शाळेत आरोग्य तपासणीचं शिबीर लागलं तेव्हा सुहासला मी ओढतच नेलं. फुकट ते सोडायचं कशाला म्हणून सासूबाईही आल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणाला हृदयविकार? कमी वयात कुणी अचानक गेलंय?"

"छे, आमच्यात तसला कोनाला काय नाय," सासूबाई ठसक्यात म्हणाल्या. सुहासनेही मान डोलावली.

मी कपाळाला हात लावला. "आणि मामंजी कसे गेले?"

"त्यांना जागेवाल्यानं नेलान. तो काय आजार हाय?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी सगळं खोदून खोदून विचारलं आणि सुहासला टू-डी इको करायला रत्नागिरीला जायला सांगितलं. मी मुद्दाम राखणीच्या दिवशीचीच वेळ घेतली. माणूस घरातच नसला तर चढणार कसा?

तिथल्या डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं, हृदयाची भिंत जाड झालेली. हा आजार घराण्यात उतरत येतो म्हणाले. चढ, ओझं, धावाधाव सगळं बंद, गोळ्या सुरू. मला चक्क हायसं वाटलं. इतकी वर्षं मानगुटीवर बसलेल्याला निदान नाव तरी मिळालं.

"मुलं किती?" त्यांनी विचारलं.

"एकच मुलगी. ईशा, दहावीला आहे."

"तिलाही लवकर आणा. हा मुलींनाही होतो."

एसटीत बसल्या बसल्या मी ईशाच्या तपासणीचा दिवस ठरवत होते.

घरी पोचलो तर सासूबाई पडवीत निवांत सुपारी कातरत बसलेल्या. कितीतरी दिवसांनी त्या हसल्या. "करुणा, आता भांडू नको गो. राखण चुकवून चालल काय? ईशाला धाडलंय वर. सकाळपासून उपाशी ठेवलाय तिला. पोरींना तो नाय धरत."

मी तशीच धावत सुटले. ईशा दूर वर दिसत होती, डोक्यावर टोपली, भरभर चढत होती. मी जीव खाऊन हाका मारल्या. तिला ऐकूही गेल्या असतील, पण वाटेत कुणाच्या हाकेला ओ द्यायची नाही, हे आजीने बजावलं असणार. तेवढ्यात मागून धापा ऐकू आल्या. सुहास.

"अहो, तुम्ही नका! तुम्ही थांबा!"

वर तिला हाका मारत होते, मागे वळून त्याला. दोघांतलं कुणीच थांबत नव्हतं.