हिरव्या अंड्यांवरचा आळ

इमारतीतली सहा मुलं एकाच आठवड्यात उलट्या-जुलाबांनी आडवी झाली, तेव्हा कुणावर तरी खापर फोडणं भागच होतं. माणसाला आजार एक वेळ सोसतो, पण दोष द्यायला कुणी नसलं की चैन पडत नाही! खापर फुटलं तळमजल्यावरच्या शिवणमावशींच्या कोंबड्यांवर.

मावशींच्या परसात चार जातींच्या चार कोंबड्या होत्या. एक पांढरी अंडी घाली, दुसरी तपकिरी, तिसरी गर्द चॉकलेटी, आणि गालांवर पिसांचे कल्ले मिरवणारी चौथी चक्क हिरवट निळी. शिवलेले कपडे न्यायला मुलं आली की मावशी त्यांच्या हातावर एखादं अंडं ठेवीत.

"हिरवं अंडं? अहो, विषच असणार ते!" असं पहिल्यांदा म्हणाले पंपकाका. इमारतीचा पंप आणि गच्चीवरची टाकी सांभाळत, म्हणून हे नाव. बोलायला अवकाश, राईचा पर्वत झाला. दुसऱ्याच दिवशी चौथी कोंबडी कुंपणाशी मान मुरगळलेली सापडली. मावशींचं शिवणाचं मशीन दिवसभर बंद राहिलं आणि काकांना उगाचच अस्वस्थ वाटत राहिलं.

कोंबडी मेली, आजार काही मेला नाही. आणखी दोन मुलं पडली. मग काकांची सात वर्षांची नात तापाने फणफणली, तिच्या पोटात पाणी ठरेना. "आता त्या बाईलाच घालवा," अशी जिन्यात कुजबुज सुरू झाली. संध्याकाळी सगळे परसात जमले. कुणाच्या हातात पोतं होतं, कुणाच्या हातात काठी.

मावशींनी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं होतं. त्यांनी एक तपकिरी आणि एक उरलेलं हिरवं अंडं एकाच बशीत फोडलं.

"सांगा, यातलं हिरव्याचं कोणतं?"

कुणालाच सांगता येईना.

"जशी जात तसा कवचाचा रंग. तपकिरी रंग वरवर बसतो, हा हिरवा कवचात मुरतो. आत दोन्हीकडे तेच! काका, तुमच्या नातीनं हिरवं अंडं कधी खाल्लं होतं?"

"नाही हो. ती अंड्याला तोंडच लावत नाही."

"मग पोटात गेलं काय?"

काकांच्या पायांखालची जमीन सरकली. वादळात टाकीचं झाकण उडालं होतं. गुडघे दुखतात म्हणून आज करू, उद्या करू करत महिना गेला, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला ते म्हणाले होते, "टाकी धुतली की!" अंड्याचं ते बोलणंही सहज नव्हतं. लोकांनी गच्चीकडे बघू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

"कोंबड्यांना हात लावू नका!" ते ओरडले. "टाकी मी धुतलेलीच नाही! झाकणही नाही!"

जमलेल्यांतले दोघं गच्चीवर धावले. टाकीत कुजलेलं कबूतर तरंगत होतं.

तेवढ्यात काकांना आठवलं: सून नातीला मीठ-साखरेचं पाणी पाजत होती. त्याच टाकीचं! काका गुडघे विसरून जिना चढले आणि त्यांनी सुनेच्या हातातला पेला हिसकावून घेतला. पण तांब्या निम्मा रिकामा झाला होता.

नात नऊ दिवस इस्पितळात होती. वाचली. घरी आली त्या दिवशी काका मावशींच्या दारात हात जोडून उभे राहिले.

"मावशी, मला माफ करा."

"मी करीनही, काका. पण जी मेली तिला ते ऐकू यायचं नाही."

मंडळी, शेजारच्या अंगणात काही निराळं दिसलं की आपण लगेच बोट दाखवतो. त्याआधी आपल्या वाट्याचं काम केलंय का, एवढं स्वतःला विचारा. आपण भलतीकडे बोट दाखवतो तेवढा वेळ खरं विष आपल्याच लेकरांच्या पोटात जात असतं!