तीन नुक्ते

लाल दिव्याखाली आबा डोळे मिटून पडले, की उषा त्यांच्याकडे मन भरून बघत बसायची. दहा मिनिटं. तेवढा वेळ ते तिच्या हक्काचे असायचे.

शहाण्णव साल होतं. जालन्याच्या डॉक्टरांनी हा शेकाचा दिवा नवाच आणला होता. पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक गाठी असतात, त्यातलं तेल थिजलं की डोळ्यातलं पाणी लगेच उडून जातं. मग डोळा चुरचुरतो, समोरचं धूसर होतं. दिव्याच्या उबेनं ते तेल सैल होतं. "मुळापासून जाईल असं म्हणत नाही," डॉक्टर म्हणाले होते, "पण दिसणं सुधारेल."

उषाला तेवढंच हवं होतं. नांदेडला शाळेत नोकरीला लागल्यापासून, अकरा वर्षं, ती दर शनिवारी कुंभार पिंपळगावला, वडिलांच्या नावे, पत्र टाकत होती. उत्तर एकदाही आलं नाही. सुट्टीत येऊन विचारलं, की आबा डोळे चोळायचे. "धुकट दिसतं, माय. अक्षरं पोहून राह्यली." आई गेल्यावर त्या घरात तिची पत्रं वाचणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. आबांनी एकदा तरी आपलं पत्र आपल्या डोळ्यांनी वाचावं, यासाठी तिनं दिवाळीची सगळी सुट्टी घनसावंगी-जालना एसटीत घातली.

चौथ्या खेपेला डॉक्टरांनी दिवा बंद केला, पापण्या दाबून पुसल्या आणि खिडकी उघडली.

"आता बघा, बाबा."

"आरं वा! लिंबाचं पान न् पान दिसायलं."

मग भिंतीवरचा तक्ता. वरची मोठी अक्षरं आबांनी ओळखली. तिसऱ्या ओळीला अडखळले. "क... मंग... व असंल. न्हाई तर ब."

"गंमतच आहे," डॉक्टर म्हणाले. "पान दिसतं आणि अक्षर दिसत नाही?"

उषाचा हिरमोड झाला.

पुढचा नंबर अकबरबीचा होता. मच्छिंद्र कंपाउंडरनं तक्ता उलटा केला. मागच्या बाजूला उर्दू अक्षरं होती. म्हातारी खुर्चीत टेकते न टेकते, तोच दाराशी पटका बांधत उभे असलेले आबा तिथूनच सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळ घडाघडा म्हणून गेले. "सीन, वाव, लाम, ऐन, रे."

"अजी भाईसाब," अकबरबी वळून म्हणाली, "इम्तिहान मेरे आंखां का है कि तुम्हारे?"

सगळे हसले. आबाही हसले. मग त्यांची नजर उषाकडे गेली आणि ते पटक्याचं टोक खोचत राहिले.

परतीच्या एसटीत आबाच म्हणाले, "निजामाच्या मदरशात शिकलो, माय. सगळं उर्दूत. तुझी अक्षरं जुळवाया जावं तर ओळीला दिवस जाई. डोळ्याचं दुखणं खोटं न्हाई. पण त्याच्या आडोशाला बसलो, हे खरं."

"मला सांगायचं ना, आबा."

"तू मास्तरीण झालीस. तुला कसं सांगावं, बाप अडाणी हाये म्हणून?"

"मग माझी पत्रं?"

"फकरोद्दीन वाचून दाखवी. माझ्यासंगंच शिकला, पण त्याला तुमची मराठी अक्षरं बी येती." ते खिडकीबाहेर बघू लागले. "एकदाच वाची. पुन्हा वाच म्हणाया लाज वाटं."

नांदेडला परतल्यावर उषानं तिच्या शाळेतल्या मैमूनाबाईंकडून उर्दूची मुळाक्षरं, अलिफ-बे, शिकायला सुरुवात केली. मोठ्या सुट्टीत, पहिलीच्या पोरासारखी गिरवत. संक्रांतीनंतर पहिलं पत्र टाकलं. बोल मराठी, अक्षरं उर्दू. चारच ओळी, पण पुन्हा पुन्हा वाचता येतील अशा.

फाल्गुनात आबा झोपेतच गेले.

तेराव्याला फकरोद्दीनचाचा आले. थोडा वेळ बसले आणि कोटाच्या खिशातून घडी पडलेला कागद काढला. "हे तुझं, बेटा. मला हात बी लावू दिला न्हाई त्यानं. पारावर बसून बिलकुल एकटा वाची. पहिल्या दिवशी तर असा हसला, असा हसला, डोळ्यातून पाणी. म्हणं, पोरीनं बापाची आपा केली!"

"आपा?"

"बे ला एक नुक्ता बेटा, पे ला तीन. तू तीन दिले. 'आबा'चं 'आपा' झालं, मोठी बहीण! उन्हाळ्यात तू आलीस का दाखवणार व्हता."

उषानं कागद उजेडाकडे धरला. पहिल्या शब्दाखाली तिनं जपून दिलेली तीन टिंबं होती. त्यातली दोन लाल पेन्सिलीनं खोडलेली. खाली समासात, त्याच पेन्सिलीनं, उर्दू अक्षरांत एक ओळ. चाचांनी वाचायला हात पुढं केला, पण तिनं कागद दिला नाही. बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवत, तिनं ती आपली आपणच वाचली.

दहापैकी सात. पुढचं पत्र लवकर टाक.