बगळ्यांचा पाट

मित्रांनो, पाटावर बसून जेवलेली मुलं तुमच्यात किती असतील, मला शंकाच आहे. म्हणून आधी ओळख करून देतो. जमिनीपासून चार बोटं उंच, सागवानी, चारही कोपऱ्यांत पितळी फुलं ठोकलेली, असा मी एक म्हातारा पाट. जन्म सांगलीचा, मुक्काम अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावी. माझ्यावर बसायला सध्या कुणी नाही, म्हणून तुमच्याशी बोलत बसलो आहे.

नीलाच्या लग्नासाठी एका सुताराने आम्हा दोघांना घडवलं. हो, दोघांना, पाट जोडीनेच करतात. पण नीला आणि तिचा नवरा नंदू अमेरिकेला निघाले तेव्हा बॅगेचं वजन जास्त भरलं आणि माझा जोडीदार तिच्या बहिणीकडे राहिला. मला साड्यांत गुंडाळून आणलं. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने मला उलटंपालटं केलं, बोटाने ठोकून पाहिलं आणि हे काय आहे असं विचारलं. नंदू म्हणाला, "खुर्ची." तो भला माणूस बॅगेत हात घालून बराच वेळ माझे पाय शोधत होता. मला तेव्हा हसू आलं होतं, पण जोडीदाराची आठवण येऊन रडूही येत होतं.

नंदू औषधांच्या कंपनीत इंजिनियर होता आणि नीला जवळच्या कॉलेजच्या लायब्ररीत कामाला होती. त्या कॉलेजचं नाव मी सांगणार नाही. आधीच हरणाऱ्यांना आणखी कशाला बदनाम करायचं? त्यांच्या बास्केटबॉल टीमचं चिन्ह बगळा आहे, म्हणून नंदू त्यांना 'आपले बगळे' म्हणतो. या भागात मुलाचं नाव ठेवण्याआधी त्याची टीम ठरते. आमचा नंदू सांगलीत क्रिकेटखेरीज दुसरं काही बघत नसे, पण इथे येऊन तो पक्का बगळेवाला झाला. खेळाडूंच्या बाकामागे दुसऱ्या रांगेत दोघांच्या कायमच्या जागा होत्या.

इथली दिवाळी सुट्टी बघून येते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. नीलाची दिवाळी थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी सुरू होणाऱ्या सुट्टीत, व्हायची, कारण लेक अंतरा तेव्हाच घरी यायची. त्या दिवसांत कॉलेजची खानावळ बंद असते आणि मुलं आपापल्या गावी जातात. फक्त बास्केटबॉलवाले मागे राहतात, कारण त्यांचे सामने चालू असतात. एका वर्षी नीलाने एका लांबच लांब मुलाला लायब्ररीच्या पायरीवर एकटाच बिस्किटं खाताना पाहिलं. ती त्याला थेट घरी घेऊन आली आणि माझ्यावर बसवलं.

त्यानंतर दरवर्षी दोन-तीन बगळे यायचे. नीला रांगोळी काढायची, मला मधोमध मांडायची आणि एकेकाला बसवून ओवाळायची. त्यांचे गुडघे कानांपर्यंत यायचे. एकाने तर विचारलं होतं, "मॅम, उरलेली खुर्ची कुठे आहे?" ही मुलं चार-चार वर्षं एकाच टीममध्ये असत. पहिल्या वर्षी बुजणारा मुलगा शेवटच्या वर्षी स्वतःच फडताळातून मला काढून आणायचा. मित्रांनो, ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस होते. मी त्या मुलांची वाट बघायचो.

मग वेंडल आला. तो सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत हळू बोलणारा. त्याने चांदीच्या वाटीतून तीनदा श्रीखंड घेतलं आणि वाटी उजेडात धरून बघत राहिला. पाटावर बसवलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, अशी आपली रीत. नीलाने तीच वाटी घासून, पुसून, रुमालात बांधून त्याला दिली. वेंडलने खोलीवर जाऊन, दूरच्या आईला दाखवायला, वाटीचा फोटो इंटरनेटवर टाकला.

आता गंमत ऐका. त्या काळी कॉलेजच्या खेळाडूंनी निव्वळ हौशी राहायचं, खेळाबद्दल कुणाकडून काही घ्यायचं नाही, असा कडक नियम होता. जेवण एक वेळ चालायचं, भेटवस्तू चालायची नाही. फोटो कुणीतरी पाहिला आणि तक्रार केली. वेंडलला वाटी परत करावी लागली आणि काही सामने बाहेर बसावं लागलं. ते सामने बगळे हरले. लोकांनी वेंडलला काय काय म्हटलं, ते मी तुमच्यापुढे सांगणार नाही. नीलाने त्या रात्री मला पुसलं, गॅरेजमध्ये नेलं आणि गणपतीच्या मखराच्या मागे उभं केलं. "माझ्यामुळे पोराचं नुकसान झालं," एवढंच ती म्हणाली.

मी तिथे वर्षानुवर्षं उभा राहिलो. अंतरा लग्न करून सिएटलला गेली, नीला निवृत्त झाली, पुढे नंदूही. गॅरेजची भिंत दिवाणखान्याला लागून आहे, त्यामुळे टीव्हीवरचे सगळे सामने मी कानांनी पाहिले. पूर्वी बगळे जिंकले की नंदू असा पाय आपटायचा की माझ्यावरची धूळ उडायची. हळूहळू पाय आपटणं कमी झालं. नंतर नुसते सुस्कारे ऐकू यायचे, आणि शेवटी शेवटी सामना संपण्याआधीच टीव्ही बंद होण्याचा आवाज यायचा. पाटाला उभं ठेवू नये, मित्रांनो. पाट आडवाच बरा असतो. उभ्याने फार एकटं वाटतं.

मधल्या काळात नियम बदलले. आता खेळाडूंना उघड पैसे घेता येतात, जाहिराती करता येतात आणि दरवर्षी कॉलेज बदलता येतं. त्याला पोर्टल म्हणतात. मुलाने त्यात नाव घातलं की ज्याला हवा त्याने त्याला न्यावं. मोठी कॉलेजं चांगले मोहरे उचलून न्यायची आणि आमचे बगळे दर हिवाळ्यात तळाला असायचे.

"अगं, नाव पाठ होईस्तोवर पोरगा गेलेला असतो!" नंदू भिंतीपलीकडे ओरडायचा. "हे कॉलेज आहे की एसटी स्टँड? एका वाटीसाठी वेंडलला बाहेर बसवलं, आणि आता हे ट्रकच्या जाहिराती करतात!"

"तुम्हाला राग पैशाचा आहे की जाण्याचा?" नीला विचारायची.

"दोन्हीचा!"

मला तरी वाटायचं, जाण्याचाच असावा. त्या घरातून सगळेच गेले होते.

गेल्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या आधी नीलाने ठरवलं की पुन्हा मुलांना बोलवायचं. आता तर देण्याघेण्याची बंदीही उरली नव्हती. नंदूला ते मुळीच पटलं नाही. "ती आता पोरं नाहीत, नीला. पगारी माणसं आहेत."

"मग पगारी माणसं जेवत नाहीत का?" असं म्हणून तिने टीमच्या ऑफिसला ईमेल केलीच.

गॅरेजमध्ये येऊन तिने मला मखरामागून काढलं आणि पुसता पुसता अंतराला फोनवर उत्तरं वाचून दाखवली. एका खेळाडूच्या एजंटने विचारलं होतं की किती वेळ थांबायचं, फोटो काढणार का आणि मानधन काय. दुसऱ्याच्या एजंटने तेच जरा गोड शब्दांत विचारलं होतं. नीला आधी हसली आणि मग पुसायची थांबली. शेवटचं उत्तर मात्र एका मुलाने स्वतः लिहिलं होतं. आयझाया त्याचं नाव. "मी येईन. येताना काय आणू?"

त्याच आठवड्यात बगळ्यांचा सामना होता. रात्री गाडी गॅरेजमध्ये शिरली तेव्हा आत दोघांचं भांडण चालू होतं.

"अहो, पण ओरडायचं कशाला? तेही 'गिव्ह द मनी बॅक' असं? शेजारच्या बाईने वळून बघितलं!"

"दोन फ्री थ्रो! समोर कुणी नाही, अडवायला कुणी नाही, नुसता बॉल जाळीत टाकायचा. दोन्ही घालवले त्याने. चिमुकल्या कॉलेजकडून हरलो आपण!"

"तो मुलगा कोण होता माहीत आहे का तुम्हाला? गुरुवारी जेवायला येणारा आयझाया आहे तो."

नंदू गाडीतून उतरला नाही. नीला आत गेली, गॅरेजचा दिवा आपोआप विझला, आणि नंदू गाडीत, मी भिंतीशी, असे अंधारात राहिलो.

गुरुवारी आयझाया पाय पुसून आत आला, हातात फुलांचा गुच्छ घेऊन. नंदूने "वेलकम, वेलकम" म्हटलं मात्र, मुलाचा चेहरा बदलला. तो आवाज त्याने ओळखला होता. इतक्या वर्षांनी रांगोळीत बसलो होतो, आणि हा मुलगा असाच परत गेला असता तर नीलाने मला पुन्हा कधी बाहेर काढलं नसतं.

तो इंग्रजीत बोलला, मी आपल्या भाषेत सांगतो. "सर, तुम्ही दुसऱ्या रांगेत बसता ना?"

"हो," नंदू म्हणाला.

"मला फार काही मिळत नाही. पण भरपूर मिळत असतं ना, तरी ते दोन्ही चुकलेच असते. शेवटी माझे हात गार पडतात."

मग नीलाने निरांजन पेटवलं आणि त्याला माझ्यावर बसायची खूण केली. तो बसला. गुडघे कानांपर्यंत आले. कुंकू लावताना त्याने डोळे मिटले आणि हळूच विचारलं, "मॅम, मी काय करायचं आहे? व्हिडिओ करून टाकायचा का?"

"काही करायचं नाही रे," नीला मराठीतच म्हणाली. मग सावरून इंग्रजीत म्हणाली, "जस्ट सिट."

तो बसून राहिला, आणि मला त्याचं वजन हळूहळू कळलं. आधी तो निम्माच टेकला होता, केव्हाही उठायच्या तयारीत. ओवाळून होईपर्यंत त्याने सगळं अंग सोडून दिलं. तीन वर्षांत तीन कॉलेजं झाली, असं तो म्हणाला. प्रत्येक ठिकाणी त्याची उंची, वजन, बॉलचा नेम, सगळं सगळ्यांना पाठ होतं. ओक्लाहोमातल्या त्याच्या गावाचं नाव मात्र कुणी विचारलं नव्हतं.

तेव्हा नंदूने एक खुळेपणा केला. गुडघेदुखीमुळे तो कित्येक वर्षांत जमिनीवर बसलेला नव्हता, पण सोफ्याला धरून धरून तो माझ्या शेजारी खाली बसला. "आय ॲम सॉरी, बेटा," तो म्हणाला. "मी ओरडलो ते चूक होतं. गावाचं नाव काय तुझ्या?"

मुलाने गावाचं नाव सांगितलं, आईचं सांगितलं, कुत्र्याचंही सांगितलं. जेवायची वेळ झाली तेव्हा नंदूला उठता येईना. आयझायाने एका हाताने त्याला अलगद उभं केलं, आणि तिघेही इतके हसले की मी खालून थरथरलो. जाताना नीलाने करंज्यांचा डबा त्याच्या हातात दिला. तो द्यायच्या आधी क्षणभर ती थांबली होती, हे फक्त मी पाहिलं.

गोष्ट इथेच संपली असती तर मलाही आवडलं असतं. पण बगळे पुढेही हरतच राहिले. आयझाया अधूनमधून येत राहिला आणि वसंतात त्याने पोर्टलमध्ये नाव घातलं. या वेळी मिशिगनमध्ये, ॲन आर्बरजवळच्या एका कॉलेजात. ती बातमी वाचून नंदू ओरडेल असं मला वाटलं होतं. तो ओरडला नाही. त्यानंतर त्याने दुसऱ्या रांगेतल्या दोन्ही जागा सोडून दिल्या. आता घरात टीव्हीही फारसा लागत नाही.

यंदा दिवाळीच्या सुमारास नंदूने त्याला फोन लावला. मी दिवाणखान्यात भिंतीला टेकून होतो, त्यामुळे पलीकडचंही ऐकू आलं.

"जेवलास का?" नंदूने विचारलं.

"खाल्लं काहीतरी, सर."

"तिथे कुणी ओळखीचं झालं?"

"अजून नाही. इथे थंडी फार आहे."

फोन ठेवून नंदू स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. मग आपल्या माणसांना जे सुचतं तेच त्याला सुचलं. "नीला, ॲन आर्बरला आपलं कोण आहे?"

बरीच आठवाआठव झाली आणि महाराष्ट्र मंडळातल्या कुणाची तरी पुतणी सापडली, सुमेधा, तिथे पीएचडी करणारी. नीलाने तिला कधी पाहिलेलंही नव्हतं. तरी तिने लगेच फोन लावला, ओळख सांगितली, मुलाची सगळी हकिकत सांगितली, आणि विचारलं, "सुमेधा, तुझ्याकडे पाट आहे का गं?"

"पाट? नाही हो काकू," पलीकडून ती मुलगी हसत म्हणाली. "माझ्या अपार्टमेंटमध्ये एकच खुर्ची आहे. तीही थ्रिफ्ट स्टोअरमधली जुनी, जरा डुगडुगते."

"चालेल," नीला म्हणाली. "त्यावर त्याला बसव. तू उभी राहा."

मित्रांनो, त्या डुगडुगत्या खुर्चीचा मला हेवा वाटला, हे मी लपवत नाही. माझ्यावर आता कुणी बसेल असं वाटत नाही. पण तुम्हाला एक विनंती करतो. तुमच्या गावात, तुमच्या वर्गात कुणी नवीन आलं, तर ते किती दिवस राहणार आणि तुमच्यासाठी जिंकणार की हरणार, हे आधी विचारू नका. आधी त्याला बसायला द्या.